धावत्या माणसाचा फोन

समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून साधारण ४२ किलोमीटर जातो. हलक्या वाहनांना तिथं ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे जिल्हा ओलांडायला एकवीस मिनिटं पुरतात. मागच्या सीटवर बसलेला एखादा बियाण्यांचा व्यापारी ही सगळी एकवीस मिनिटं अकोल्याच्या दुकानदाराशी फोनवर घासाघीस करत असतो. सौदा तुटतो, फोन तुटत नाही. दोन टॉवरांमध्ये तीन किलोमीटर अंतर धरलं तरी एवढ्यात त्याच्या फोनने चौदा टॉवर बदलले. बहुतेक टॉवरांवर तीन दिशांना तोंड करून अँटेनांचे तीन वेगळे संच असतात आणि प्रत्येकाची हद्द स्वतंत्र असते. तेव्हा खरा आकडा याहून मोठा. यातल्या एकाही बदलाची ना व्यापाऱ्याला खबर, ना दुकानदाराला.

दुसरं कोडं याहून जुनं आहे. गाडी बदनापूरच्या आसपास असताना व्यापाऱ्याच्या घरून फोन येतो आणि नेमकी त्याच्याच खिशात रिंग वाजते. देशात टॉवर लाखोंनी आहेत. त्यातल्या कोणत्या टॉवरखाली हा माणूस या क्षणी आहे, हे कुणी कुणाला सांगितलं?

आपल्याकडे फोनचं काही बिघडलं की शिव्या टॉवरला बसतात. ‘टॉवर नाही’, ‘टॉवर गेला’. खरं तर टॉवरचं काम त्या मानाने सोपं आहे : हवेतल्या लहरी झेलायच्या आणि सोडायच्या. अवघड काम त्याच्या मागे, दूरच्या शहरातल्या एखाद्या थंड खोलीत बसलेल्या यंत्राचं. त्याला स्विच म्हणतात. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाशी त्याचा संबंध नाही. कुणाची वाट कुणाला जोडायची हे ठरवणारं आणि जोडणारं यंत्र म्हणजे स्विच. वाटेचं एक टोक सतत पळत असेल तर असं यंत्र बांधायचं कसं, हा इथला प्रश्न आहे.

नंबर हाच पत्ता होता तेव्हा

तारेच्या फोनला हा प्रश्न कधी पडलाच नाही. जालन्याचा एसटीडी कोड ०२४८२. मुंबईतल्या कुणी हे आकडे फिरवले की तिथल्या स्विचला वाट कळायची : कॉल जालन्याच्या एक्स्चेंजकडे पाठवायचा. पुढचे आकडे एक्स्चेंजमधली नेमकी तारांची जोडी दाखवायचे, आणि ती जोडी जुन्या जालन्यातल्या एखाद्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी जाऊन संपायची. नंबर कळला की जागा कळली. माणूस दुकानात नसेल तर रिंग वाजून थांबायची आणि त्याचा दोष स्विचवर यायचा नाही.

ही जोडणी माणसाच्या हातून यंत्राकडे नेण्याचं श्रेय अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर यांचं. धंद्याने ते अंत्यसंस्कार करणारे. त्यांच्या स्वयंचलित एक्स्चेंजला १८९१ मध्ये पेटंट मिळालं. भारतात खेडोपाडी फोन पोचायला त्यानंतर जवळपास शतक जावं लागलं. १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली आणि तिने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचं छोटं एक्स्चेंज घडवलं. त्यातलं पहिलं १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. परदेशी एक्स्चेंजला एअर कंडिशनर लागायचा, याला लागत नसे. मराठवाड्यासारख्या भागात, जिथं मे महिन्यात पंख्यालाही वीज मिळेल याची खात्री नव्हती, तिथं हा गुण बाकी सगळ्या गुणांहून मोठा होता.

पण कित्तूरचं एक्स्चेंज काय आणि स्ट्रोजरचं काय, दोघांनी एक गोष्ट गृहीत धरलेली होती : फोन जागचा हलत नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात कोलकाता-दिल्ली असा देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हापासून आपल्याकडेही हे गृहीतक निकालात निघालं. मोबाइलच्या दहा आकड्यांत पत्ता नसतो. सुरुवातीचे आकडे फार तर एवढंच सांगायचे की हे सिम मुळात कोणत्या कंपनीने, कोणत्या परिमंडळात विकलं. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा तेही खात्रीचं राहिलं नाही. आता नंबर फक्त ‘कोण’ ते सांगतो. ‘कुठे’ हे दर वेळी नव्याने शोधावं लागतं.

मुकादमाची वही

हा शोध कसा लागतो हे समजायला मंठा, परतूर, घनसावंगी भागातल्या माणसाला दूर जायला नको. दिवाळीच्या सुमाराला इथल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मोबाइल नव्हते त्या काळात गावात काही बरंवाईट घडलं आणि तोडीला गेलेल्या भावाला निरोप धाडायचा झाला, तर काय करायचे? टोळी आज कोणत्या फडात आहे हे गावात कुणालाच माहीत नसायचं. पण मुकादमाच्या घरच्या वहीवरून एवढं नक्की कळायचं की टोळी अमुक कारखान्यावर गेली आहे. निरोप कारखान्याच्या शेतकी ऑफिसला पोचला की तिथं कळायचं, टोळी सध्या कोणत्या गटात आहे. आणि त्या गटात कारखान्याचा स्लिपबॉय फडाफडातून विचारत फिरायचा, ‘मंठ्याकडची टोळी कोणती?’ कुणीतरी ओ द्यायचं.

मोबाइलचं जाळं हेच करतं. गावाकडची वही म्हणजे एचएलआर, तुमच्या कंपनीची मूळ नोंदवही. तुमचा नंबर कुणाचा, त्यावर कोणत्या सेवा चालू आहेत, आणि सध्या तो कोणत्या स्विचच्या ताब्यात आहे, एवढंच तिच्यात असतं. शेतकी ऑफिसची जागा त्या भागाच्या स्विचची. त्याच्याजवळ दुसरी वही असते, व्हीएलआर नावाची, म्हणजे पाहुण्यांची नोंदवही. तुम्ही कोणत्या गटात आहात ते तिथं लिहिलेलं असतं. गट म्हणजे शेजारशेजारच्या अनेक टॉवरांचा मिळून एक विभाग. आणि शेवटची हाळी हे टॉवरचं काम. त्या विभागातले सगळे टॉवर एकदमच पुकारा करतात, ‘अमुक फोन कुठे आहे?’ याला पेजिंग म्हणतात. खिशातला फोन बहुतेक वेळ डोळे मिटून पडलेला असतो, पण ठरावीक काळाने, ४जीमध्ये बहुधा सव्वा सेकंदाला एकदा, क्षणभर जागा होऊन आपलं नाव निघालं का ते ऐकतो. निघालं असेल तर जवळच्या टॉवरला ओ देतो. तिथं त्याचा नेमका टॉवर कळतो.

टोळी एका गटातून दुसऱ्या गटात गेली म्हणून कुणी गावाकडे पत्र लिहीत नाही. कारखाना बदलला तरच लिहायचं. जाळ्यातही तसंच आहे. बदनापूरहून जालन्यात आलात आणि स्विच तोच राहिला, तर मूळ वहीला त्याचा पत्ताही लागत नाही. स्विचची हद्द ओलांडली तरच ती बदलते. देशभरातल्या कोट्यवधी फोनांची प्रत्येक हालचाल एकाच जागी लिहायला घेतली असती तर सगळं जाळं लिहिण्यातच बुडालं असतं.

विभाग केवढा ठेवायचा, ही खरी डोकेदुखी. मोठा ठेवला तर फोनला क्वचितच ‘मी इकडे आलो’ असं कळवावं लागतं, पण दर कॉलला शेकडो टॉवरांनी पुकारा करायचा. लहान ठेवला तर पुकारा थोडक्यात भागतो, पण फोन सारखे कळवत बसतात आणि बॅटरी खातात. रेल्वेने यात आणखी भर घातली. मनमाड-परभणी मार्गावरची भरगच्च गाडी विभागाची हद्द ओलांडते, तेव्हा गाडीतले शेकडो फोन त्याच मिनिटाला एकदम नोंद करायला धावतात. म्हणून नकाशावर विभाग आखणारे अभियंते हद्द शक्यतो रुळांना किंवा गर्दीच्या चौकाला छेदू देत नाहीत. ४जीने यावर छान तोड काढली. फोनला एका विभागाऐवजी विभागांची यादीच दिली जाते. यादीतल्या कोणत्याही विभागात फिरा, कळवायची गरज नाही. शिवाय प्रत्येक फोनला वेगळी यादी देता येते. रोज ये-जा करणाऱ्याला रुळालगतची लांबट, घरीच असणाऱ्याला आटोपशीर.

याच व्यवस्थेतून रोजच्या अनुभवातली एक गोष्ट उलगडते. कधी ‘फोन बंद आहे’ असं ऐकू येतं, तर कधी ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे’. हा फरक येतो कुठून? फोन रीतसर बंद केला तर विझण्याआधी तो स्विचला ‘येतो’ म्हणून सांगून जातो, आणि वहीत तशी नोंद होते. पण माणूस एखाद्या रोलिंग मिलच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोल शिरला, की फोनला निरोप घ्यायला सवडच मिळत नाही. वहीत तो हजरच असतो. पुकारा होतो, ओ येत नाही, मग दुसरा संदेश वाजतो. असे न सांगता गेलेले फोन वहीत कायम हजर राहू नयेत म्हणून प्रत्येक फोनला न हलताही अधूनमधून हजेरी द्यावी लागते. हजेरी चुकली की नाव खोडलं जातं.

┌───────────────
चौकट : रिंग वाजण्याआधीचे काही सेकंद

घरून दहा आकडे दाबले गेले. पहिला स्विच मूळ नोंदवहीला विचारतो, ‘हा नंबर कुणाकडे आहे?’ मूळ वही त्या भागाच्या स्विचकडे चौकशी करते. तो स्विच आपल्याकडच्या राखीव नंबरांपैकी एक तात्पुरता नंबर काढून देतो. या नंबरात मात्र पत्ता असतो, अगदी ०२४८२ सारखा. त्या पत्त्यावर कॉल तारेच्या फोनसारखा चालत येतो. पोचला की तात्पुरता नंबर पुन्हा मोकळा. मग विभागात पुकारा, फोनची ओ, सिम खरं आहे का याची तपासणी, आणि रिंग. ही पद्धत २जी-३जीची. ४जीमध्ये बोलणंही इंटरनेटच्या मार्गाने जातं म्हणून तात्पुरत्या नंबरची गरज सरली. वह्या आणि पुकारा कायम आहेत.
└───────────────

टॉवर कधी बदलायचा?

आता बोलणं चालू आहे आणि गाडी पळते आहे. ज्या टॉवरवर बोलणं चाललंय त्याची ताकद घटत जाते, पुढच्याची वाढते. बोलता बोलता फोन आजूबाजूचे टॉवर ऐकत राहतो. २जीमध्ये तो सुमारे अर्ध्या सेकंदाला एकदा, नेमकं सांगायचं तर ४८० मिलिसेकंदांनी, स्वतःच्या टॉवरची आणि सहा जोरदार शेजाऱ्यांची मापं पाठवतो. तेवढ्यात समृद्धीवरची गाडी सोळा मीटर पुढे गेलेली असते. निर्णय फोनचा नसतो, तो जाळ्याचा. फोन गप्प असताना कोणत्या टॉवरजवळ बसायचं हे तो स्वतः ठरवतो, पण बोलणं सुरू झालं की सूत्रं वरच्या यंत्राकडे जातात. या बदलाला हँडओव्हर म्हणतात.

शेजारचा टॉवर जरा वरचढ झाला की लगेच उडी मारावी, असं वाटेल. तसं केलं तर मोठाच घोटाळा होईल. लहरींची ताकद सरळ रेषेत कमी होत नाही. मोसंबीची बाग, कंटेनर, उड्डाणपुलाचा कठडा, काहीही मध्ये आलं की ती क्षणात घसरते आणि क्षणात सावरते. उतावळं जाळं दोन टॉवरांमध्ये फोनला सारखं इकडून तिकडे टोलवत राहील, आणि दर फेरीत बोलणं तुटायचा धोका. म्हणून नियम असा की शेजारी ठरावीक फरकाने, बहुधा दुपटीच्या आसपास, जोरदार असला पाहिजे आणि तो फरक काही काळ टिकला पाहिजे. तेव्हाच बदल. पण ताशी १२० च्या गाडीसाठी फार थांबूनही चालत नाही, कारण तोवर जुना टॉवर ऐकू येईनासा होतो. जालन्याच्या बाजारपेठेत पायी फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला जो सबुरीचा आकडा सोयीचा, तो महामार्गावर घातक. त्यामुळे रस्त्यालगतच्या टॉवरांचे आकडे वेगळे ठेवावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, गाडी घेऊन मापं घेत हिंडावं लागतं, आणि चांगल्या-वाईट सेवेतला बराचसा फरक याच कामात असतो असं माझं मत आहे. नवा टॉवर उभारला की फोटो निघतात. आकडे जुळवणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

फाटा कुठून फोडायचा

टॉवर बदलायचं ठरलं. पण अकोल्याच्या दुकानदाराचा आवाज अजून जुन्या टॉवरकडेच चाललाय. ती वाट वळवायला हवी, तीही बोलणं चालू असताना. मोबाइलच्या इतिहासात खरं अडलं ते इथं.

छोट्या छोट्या हद्दींचे टॉवर उभारायचे आणि थोड्या अंतरावर त्याच लहरी पुन्हा वापरायच्या, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग्लस रिंग यांच्या टिपणात १९४७ सालीच मांडलेली होती. तिथली सर्वसामान्यांसाठीची सेवा शिकागोत सुरू झाली ती थेट ऑक्टोबर १९८३ मध्ये. एवढ्या उशिराला लहरींच्या वाटपाचं सरकारी राजकारण कारण होतंच. पण स्विचचाही वाटा होता. तोवरचे स्विच कॉलच्या सुरुवातीला एकदा वाट जोडायचे आणि फोन खाली ठेवेपर्यंत तिच्याकडे पाहायचेही नाहीत. हँडओव्हरसाठी मात्र कॉलच्या मध्येच वाट मोडून दुसरी जोडायची होती, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत. बेल लॅब्जमधले स्विचिंगचे जाणकार अमोस जोएल यांनी धावता कॉल एका हद्दीतून दुसरीत कसा न्यायचा याची रचना दिली आणि १९७२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. फोनचा शोध कुणी लावला, हातातला पहिला मोबाइल कुणी बनवला, हे प्रश्नमंजूषेत विचारतात. जोएल यांचं नाव तिथं मी कधी ऐकलेलं नाही.

वाट वळवायचे तीन मार्ग सुचतात. पहिला, अकोल्यापासून सगळी वाट नव्याने बांधायची. वाट सरळ मिळते, पण वेळ फार लागतो. दुसरा, जुन्या टॉवरपासून नव्या टॉवरपर्यंत एक तुकडा जोडून द्यायचा. काम झटपट होतं, पण चौदा वेळा असं केलं की आवाज चौदा टॉवरांना वळसा घालत येणार. तिसरा मार्ग मधला. जुनी आणि नवी वाट ताडून पाहायची. अकोल्याहून निघून बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही एकच असतात, शेवटीच वेगळ्या होतात. ज्या यंत्रापाशी त्या वेगळ्या होतात तोच फाटा. तेवढ्यापुरतंच वळण बदलायचं, मागची वाट हलवायची नाही. शेजारी टॉवर एकाच नियंत्रकाखाली, म्हणजे काही टॉवर सांभाळणाऱ्या स्विचखालच्या यंत्राखाली, असतील तर फाटा त्या नियंत्रकात आणि मोठ्या स्विचला त्रासच नाही. नियंत्रक वेगळे असतील तर फाटा स्विचमध्ये. चांगल्या रचनेची ओळख हीच की फाटा जमेल तितका खाली, फोनच्या जवळ फोडलेला असतो.

स्विचच बदलायची वेळ आली तर? २जीने घेतलेला निर्णय गमतीचा आहे. कॉल ज्या स्विचवर सुरू झाला तो शेवटपर्यंत कारभार सोडत नाही. गाडी दुसऱ्या, तिसऱ्या स्विचच्या हद्दीत गेली तरी आवाज आधी पहिल्याकडे येतो आणि तिथून पुढे जातो. तिसऱ्यात गेल्यावर मधला दुसरा गळतो, पहिला राहतो. बिलाची नोंद त्याच्याकडेच, दुकानदाराकडे जाणारी वाटही त्याच्यातूनच. थोडा वळसा पडतो. त्या बदल्यात समोरच्या टोकाला काही म्हणजे काही कळवावं लागत नाही.

आणि एवढं सगळं होताना कानाला का कळत नाही? आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवले जातात. एखाददुसरा तुकडा हरवला तर फोन आधीच्या तुकड्यावरून खळगा बुजवून टाकतो. कानाला फार तर ‘जरा घोगरं झालं’ एवढंच जाणवतं.

पॅकेटांची रांग

आवाजापुरतं हे ठीक. पण इंटरनेटवर खळगा बुजवून भागत नाही. पैसे पाठवतानाच्या संदेशातला तुकडा अंदाजाने भरायचा नसतो. इथं माहिती पॅकेटांमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या भागांत पत्ता लावून येते, आणि हँडओव्हरच्या क्षणी काही पॅकेटं जुन्या टॉवरकडे जाऊन पडलेली असतात. फोन तर निघून गेला.

४जीमध्ये टॉवरलाच जास्त अक्कल देऊन हा पेच सोडवला. जुना टॉवर नव्याला आधीच विचारतो, ‘माणूस पाठवतोय, जागा आहे?’ होकार आला की फोनला जायला सांगतो आणि उरलेली पॅकेटं आपण होऊन नव्या टॉवरकडे पाठवायला लागतो. फोन नव्या टॉवरला चिकटतो. जुनी जोडणी आधी सुटते, नवी नंतर जुळते. मधली पोकळी साधारण ५० मिलिसेकंदांची, तेवढ्यात गाडी जेमतेम पावणेदोन मीटर सरकते. मग नवा टॉवर वरच्या स्विचला कळवतो की आता वाट माझ्याकडे वळवा.

इथं एक बारीक अडचण उभी राहते. नवी पॅकेटं आता थेट येताहेत आणि जुनी अजून जुन्या टॉवरकडून वळसा घालून. नवी आधी पोचली तर क्रम उलटा होईल. म्हणून स्विच वाट बदलताना जुन्या वाटेवर एक शेवटचं, रिकामं पॅकेट सोडतो, त्यावर खूण एवढीच : यामागे आता काही येत नाही. ते खुणेचं पॅकेट वळसा घालून पोचेपर्यंत नवा टॉवर थेट आलेली पॅकेटं रोखून धरतो, आधी जुनी देतो. ही युक्ती मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत देखणी वाटते. घड्याळ जुळवायला नको, मोजायला नको. एक रिकामं पॅकेट सारा क्रम राखतं.

फोनचा इंटरनेटवरचा पत्ता मात्र या सगळ्यात बदलत नाही. तो एखाद्या मोठ्या शहरातल्या प्रवेशद्वार-स्विचवर टांगलेला असतो. व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीला वाटतं, ग्राहक तिथंच बसलाय. तिथून पुढे जालन्यापर्यंतचा पाठलाग जाळ्याच्या आत, कुणाला न दिसता चालतो. ज्या सी-डॉटने कित्तूरचं एक्स्चेंज घडवलं त्याच संस्थेने बीएसएनएलच्या ४जी जाळ्याचा हा मधला गाभा तयार केला. तेजस नेटवर्क्सची टॉवरवरची यंत्रं आणि टीसीएसची जुळणी यांसह ते देशी जाळं २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून राष्ट्राला अर्पण झालं.

वाय-फायची गोष्ट याहून साधी. ऑफिसातला किंवा कॉलेजातला स्विच कोणत्या पत्त्याचं पॅकेट कोणत्या तारेतून आलं ते पाहून तशी नोंद ठेवतो, आणि बहुधा पाच मिनिटं ती खरी मानतो. विद्यार्थी उघडा लॅपटॉप घेऊन वाचनालयातून कँटीनमध्ये गेला तर स्विच अजून वाचनालयाच्याच तारेत माहिती ओतत राहील. म्हणून कँटीनमधला वाय-फायचा डबा विद्यार्थ्याच्या नावाने स्वतःच एक पॅकेट आत सोडतो, आणि नोंद दुरुस्त होते. इथं डबा बदलायचा की नाही हे मात्र लॅपटॉप स्वतः ठरवतो. शेजारच्या खोलीत दणकट सिग्नल असताना आपला फोन लांबच्या मरतुकड्या राउटरला धरून बसतो, त्याचं कारण हे.

तरीही फोन तुटतो

लहरी पोचल्या, निर्णय वेळेत झाला, फाटाही सापडला, तरी पुढच्या टॉवरवर जागाच नसेल तर कॉल तुटणारच. २जीच्या एका लहानशा हद्दीत दोन वाहक लहरी असल्या तर सोळा घरं, म्हणजे एकेका कॉलपुरत्या जागा, होतात. त्यातली दोनेक नियंत्रणाला गेली की एका वेळी चौदाच कॉल. आठवडी बाजाराच्या दिवशी ही चौदा घरं कधीच भरलेली असतात. तेव्हा रचना करणारे एकदोन घरं राखून ठेवतात. नव्याने फोन लावणाऱ्याला ‘मार्ग व्यस्त आहे’ म्हणून सांगायचं, पण धावत्या गाडीतून चालू बोलणं घेऊन येणाऱ्याला राखीव घर द्यायचं. हा पक्षपात मुद्दाम केलेला आहे. फोन लागला नाही तर माणूस पुन्हा लावतो. मधेच तुटला तर चिडतो.

बाकीची कारणं ओळखीची. वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते. रस्ता रुंद करताना जेसीबी फायबर तोडतो, आणि टॉवर उभा असतो, फोनवर दांड्या दिसत असतात, फक्त मागच्या स्विचशी त्याचं नातं तुटलेलं असतं. दांड्या टॉवरच्या लहरी किती पोचतात तेवढं सांगतात, पुढची वाट मोकळी आहे की नाही हे त्यांच्यात दिसत नाही.

एक कारण मात्र बाहेरून ओळखू येत नाही. रस्त्याच्या ठरावीक वळणावर फोन रोज तुटतो, तिथं रेंज तर भरपूर असते. अशा वेळी संशय शेजाऱ्यांच्या यादीवर घ्यावा. प्रत्येक टॉवरकडे आपल्या शेजाऱ्यांची यादी असते आणि हँडओव्हर त्या यादीतल्यांकडेच होतो. नवा टॉवर उभा राहिला आणि जुन्याच्या यादीत त्याचं नाव घालायचं राहिलं, तर जुना टॉवर फोनला विझेपर्यंत सोडत नाही. ४जीमध्ये यावर सोय आहे : अनोळखी टॉवर ऐकू आला की फोन त्याची पूर्ण ओळख वाचून कळवतो आणि यादी आपोआप सुधारते. ५जीच्या २०२० पासूनच्या नियमावलीत आणखी पुढची सोय आली. दोनतीन संभाव्य टॉवरांवर आधीच जागा धरून ठेवायची आणि नेमकी उडी कधी मारायची ते फोनवर सोडायचं. समृद्धीसारख्या रस्त्यावर, जिथं पुढचा टॉवर कोणता हे जवळपास ठरलेलं असतं, या सोयीला चांगलाच वाव आहे.

जुन्या यंत्रणेवर मात्र यादी माणसालाच दुरुस्त करावी लागते, आणि ‘आमच्याकडे टॉवर नाही’ एवढ्या तक्रारीवरून त्याला काही सापडत नाही. महामार्गावरचा किलोमीटरचा दगड, गाडी नागपूरकडे चालली होती की मुंबईकडे, किती वाजले होते आणि तुटण्याआधी दांड्या किती होत्या, एवढं कळवलं तर अभियंत्याला नेमके ते दोन टॉवर उघडून पाहता येतात. दिशा सांगायला विसरू नये. यादी एकतर्फी चुकलेली असू शकते, जाताना फोन तुटतो आणि येताना नाही.